सागरद्वीपाचा राजा

गास गावात चर्चच्या सणाला होणाऱ्या नाटकात राजा दरवर्षी इनासच व्हायचा. १९९८ साली नाटक होतं सागरद्वीप नावाच्या बेटावरच्या लढवय्या राजाचं. युद्धात मरणाऱ्या राजपुत्राचं काम इनासचा मुलगा डेरिल करणार होता. तालमी संपत आल्या असताना वालीवजवळ ट्रकने डेरिलला उडवलं; तो जागीच गेला. सगळे म्हणाले, यंदा नाटक नको. इनास म्हणाला, "त्याने एवढी मेहनत घेतली. नाटक होणार." तो एकदाही रडला नाही. बायको, रेजिना, रडू लागली की उठून वाडीत निघून जायचा. प्रयोगाला ती पहिल्या रांगेत बसली होती. शेवटच्या प्रवेशात राजपुत्र म्हणून डेरिलच्या मित्राला पांढऱ्या चादरीखाली आणून ठेवलं. इनास तलवार उंचावून म्हणाला, "माझ्या राज्यात वीरासाठी कुणी रडायचं नाही." रेजिनाला हुंदका आवरला नाही. नाटकातही इथे एक बाई रडते आणि राजा तिला हाकलून देतो. ते वाक्य इनासच्या तोंडून तालमीच्या सवयीने निघून गेलं, "हिला बेटाबाहेर काढा." भाले घेतलेली गावची पोरं जागची हलली नाहीत. रेजिना उठली, स्टेजवर चढली आणि तिने चादर बाजूला केली. मित्राच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "रडा आता," ती नवऱ्याला म्हणाली. "आपला होता तो." इनास तलवारीसकट खाली बसला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून पडदा ओढायला उभ्या असलेल्या माणसाला दोरी दिसेना.