टोपलीखालची राख

रुद्रप्पाने टोपलीला हात लावला आणि काढून घेतला.

"उचला की, भावजी," सुंदरम्मा म्हणाली. "उजाडलं."

गिरणीचा पहिला भोंगा नुकताच वाजून गेला होता. साखर पेठेतल्या त्या खोलीत चौघे उभे होते. रुद्रप्पा, त्याच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको सुंदरम्मा आणि तिची दोन पोरं, बाळाबाई आणि गुंडा. वैशाखाचे दिवस होते. तरी कुलूप काढलं तेव्हा आतून विहिरीतल्यासारखा गारवा आला होता.

भिंतीला लागून, जिथे रुद्रप्पाच्या आईने, गंगम्माने, प्राण सोडला होता, तिथे चाळलेली राख पसरली होती. तिच्यावर टोपली पालथी घातली होती. मेलेलं माणूस दहाव्याच्या रात्री येऊन राखेत खूण ठेवतं. पाखराची नखं उमटली तर पाखराचा जन्म. बाळाचं पाऊल उमटलं तर माणसाचा. पेठेत कुणाला याची शंका नव्हती. सगळे बाहेर अंगणात निजले होते, आणि किल्ली रुद्रप्पाच्या कमरेच्या करगोट्याला होती.

सुंदरम्माला मात्र सासूच्या पुढच्या जन्माची काळजी नव्हती. आज पोरांचं ठरणार होतं.

पोरांना ती घरीच शिकवायची. माहेरी बापाने तिला अक्षरं दिली होती, तेवढंच तिचं भांडवल. दोन पाट्या घ्यायची ऐपत नव्हती. शाळेत घालावं तर घरात कामाला हात कमी पडत. मोडक्या मागाची एक फळी होती. तिच्यावर चुलीतली राख चाळून पसरायची. ती बोटाने अक्षर काढायची, पोरं त्याच्याखाली तसंच काढायची. फळी हलवली की अक्षर जायचं. मग पुढचं.

सासूला हे कधी खपलं नाही.

"राखेत लिवू नका गं," गंगम्मा करवादायची. "राखेतलं मेलेली वाचत्यात."

"वाचू द्यात की, आत्या. तेवढीच शानी हुतील."

"तू हास! उद्या तुला वाचून दाखवतील, मग हास."

एकदा तर म्हातारीने फळी उचलून उकिरड्यावर झटकली होती. पोरं रडली. दुसऱ्या दिवशी सुंदरम्माने पुन्हा राख चाळली.

म्हातारी गेली आणि चारच दिवसांत रुद्रप्पाने सांगून टाकलं. "मागाला सुताच्या कांड्या भरायला आता बाळी बसंल. गुंडा माझ्या हाताखाली मागावर. अक्षरं बास झाली. अम्माला ती कवाच आवडली न्हाईत."

"आत्याला काय पायजे ते आत्याच सांगतील," सुंदरम्मा म्हणाली होती. "दहाव्याची राख बघा. मग ठरवा."

रुद्रप्पा जगात कुणाचं ऐकत नसे. आईचं ऐकायचा. म्हणून तिने ते धाडस केलं.

राख पसरून टोपली झाकणं हे धाकट्या सुनेचं काम. दिवेलागणीला ती एकटीच राखेसमोर बसली. पाठीमागे दारात रुद्रप्पा कुलूप घेऊन उभा होता. तिने पदर आडवा धरला, राखेत बोट टेकवलं आणि एक ठसठशीत अक्षर काढलं. वर टोपली पालथी घातली. मेलेल्या माणसाच्या नावाने लबाडी करायची, याहून मोठं पाप तिला माहीत नव्हतं. अंगणात पडल्या पडल्या ती रात्रभर कुलपाकडे बघत राहिली.

आता रुद्रप्पाने डोळे मिटले आणि टोपली उचलली. मग डोळे उघडले. नख नव्हतं. पाऊल नव्हतं.

"हे काय हाय?" त्याचा आवाज फाटला. "बाळे, काय हाय गं हे?"

बाळाबाई वाकली. "ग हाय, थोरले अप्पा. गंगम्माचा ग. आज्जीचा."

रुद्रप्पाने टोपली बाजूला ठेवली. आईला माती देताना ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तो राखेला हात जोडून लेकरासारखा रडू लागला.

"अम्मा, तू लिवलंस व्हय गं? तू?" मग तो सुंदरम्माकडे वळला. "शिकव. दोगांस्नी शिकव. कांड्या मी भरीन, न्हाईतर माझी बायकू भरंल. पर फळी बंद करू नगंस."

सुंदरम्माचा जीव भांड्यात पडला. ती अजूनपर्यंत रुद्रप्पाच्या तोंडाकडेच बघत होती. राखेत काय आहे ते तिला बघायची गरज नव्हती.

गुंडाने तिचा पदर ओढला.

"आये, खाली आनि एक हाय."

"काय आनि एक?"

"ग. पर उलटा हाय."

तिने पाहिलं. तिचं अक्षर जसंच्या तसं होतं. त्याच्याखाली दुसरं होतं, बारकं, कापऱ्या हाताचं, पुन्हा पुन्हा गिरवून खोल गेलेलं. त्याची डोक्यावरची रेघ तळाशी होती आणि पाय वर.

बाळाबाईला हसू आलं. "असा कोन काढतंय, आये?"

शिकवताना फळीच्या अलीकडे सुंदरम्मा आणि पोरं बसायची. पलीकडे, त्यांच्याकडे तोंड करून, शिव्या घालत कांड्या भरणारी गंगम्मा बसायची.

तिथून ग असाच दिसायचा.