एकट्याची सीट

"एकट्याचीच बनवा," भागीरथा म्हणाली, तसा तिचा नवरा बुलेटच्या आडवाच उभा राहिला.

"एकट्याची कावून? अन तू कुठं बसशीन?" धर्मपालनं विचारलं.

"ऑटोत." तिनं विषयच मिटवला.

अमरावतीत जब्बारभाईच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक रंगावरून भांडतं, रेक्झिनवरून भांडतं. नवराबायको असल्या गोष्टीवरून भांडताना त्यानं पहिल्यांदाच पाहिले. त्यानं आपलं समजावून सांगितलं, की खाली स्प्रिंगा असलेली सीट एकट्याचीच येते, मागची जागा निघून जाते. पण पाठीला असा आराम, की खड्डा आला तरी कळत नाही.

आणि पाठीसाठीच तर आले होते दोघं. लाइनमनची नोकरी, जन्मभर खांबावर चढउतार. रिटायर होईस्तोवर धर्मपालच्या मणक्याची पार वाट लागली होती. डॉक्टर म्हणाला, गाडी सोडा. हा बाबा कुठचा ऐकतो! शेवटी भागीरथानंच कुठून तरी या सीटची माहिती काढली आणि त्याला इथं ओढत आणलं. तोही आला. म्हटलं, बायकोचं मन राखू, भिंतीवरच्या चार सीटा पाहू, चहा घेऊ आणि घरी जाऊ.

जब्बारभाईनं पाना उचलला. "माप घ्याले जुनी सीट खोला लागते, भाऊ. पाच मिनिटांचं काम."

धर्मपालनं सीटवर दोन्ही हात दाबून धरले. त्या सीटखाली नागपूरच्या दवाखान्याचे कागद होते. पॉलिथिनमध्ये गुंडाळून, गाठ मारून त्यानंच ठेवले होते. घरात कुठंही लपवले असते तरी तिनं अर्ध्या तासात काढले असते. भागीरथाच्या पोटात कॅन्सर होता, पसरलेला. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते, त्यातले दोन गेले. पुण्याहून पोरानं, नागसेननं, फोनवर बजावलं होतं, "बाबा, आईला सांगू नका, ती खचेल." म्हणून बापलेकांनी तिला साधी गाठ सांगितली. तेव्हापासून हा माणूस तिच्यासमोर हसत होता आणि न्हाणीत नळ सोडून रडत होता.

"नका खोलू!" तो एकदम ओरडला. मग सावरून म्हणाला, "नट गंजले हायेत. तुटतीन."

"तुटले तं नवे टाकतीन," भागीरथा म्हणाली. "खोला हो भाऊ तुमी."

नट निघाले, सीट वर उचलली आणि पुडकं खाली पडलं. जब्बारभाईनं ते झटकलं आणि ती जवळ उभी होती म्हणून तिच्याच हातात दिलं. धर्मपालला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

भागीरथानं पुडकं उलटंसुलटं करून पाहिलं. गाठ काही सोडली नाही. तसंच नवऱ्याच्या हातात दिलं.

"खिशात ठेवा. ग्रीस लागून राहिलं त्याले."

"अवं, ते गाडीचे कागद..."

"नागपूरले माह्या बाजूच्या खाटेवर एक बाई होती, आर्वीची," ती हळूच म्हणाली. "तिच्या पोरायनंबी तिले साधी गाठच सांगतली होती. आमी दोघी हसत होतो तुमच्यावर."

तो स्टुलावर बसला. "मंग बोलली कावून नाई?"

"तुमी येवढं जीव लावून खोटं बोलून राहिले होते. कसं मोडू?"

दुकानात, परक्या माणसासमोर, धर्मपाल ढसाढसा रडला. दोन महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिचं रडून झालं होतं कधीच. जब्बारभाई बिचारा फ्रेमचं माप घेत बसला. एकदा घेतलं, पुन्हा घेतलं, तिसऱ्यांदाही घेतलं.

बऱ्याच वेळानं तो खाकरला. "भाऊ, वजन किती तुमचं? स्प्रिंग वजनावर जाते. मानूस हलका अन स्प्रिंग भारी झाली, तं दबत नाई. मंग पाठ अजून दुखते."

कोपऱ्यात काटा होता, त्यावर धर्मपाल जाऊन उभा राहिला. चौऱ्याहत्तर भरलं. जब्बारभाईनं खोक्यातून जाड तारेची जोडी काढली.

"ते नको," भागीरथा म्हणाली. "पासष्टवाल्याची टाका."

"पन ताई, काटा तं चौऱ्याहत्तर सांगून राहिला."

"काटा आजचं सांगते, भाऊ. माह्यामागं हे धड जेवनार नाईत. पासष्टचीच टाका."