परतबोल

"हा शब्द तीनशे वर्षांचा आहे," मोती म्हणाला. "तेही कमीच सांगतोय."

संपादकबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. शब्दकोशाच्या कचेरीत त्यांची तीस वर्षं गेली होती आणि एवढ्या काळात त्यांनी कुणाचंही म्हणणं पहिल्या खेपेला मान्य केलं नव्हतं.

मोती हे त्याचं खरं नाव नव्हे. अक्षर मोत्यासारखं, म्हणून कचेरीनं ठेवलेलं. मुलाखतीच्या दिवशी बाईंनी त्याच्यापुढे पन्नास कोरी कार्डं टाकली होती. "मनाला येईल ते लिही. मला फक्त अक्षर बघायचंय." खिशात होतं त्या हिरव्या पेनानं त्यानं अर्ध्या तासात पन्नासही भरून दिली आणि दुपारी जेवताना विसरूनही गेला. बाईंना अक्षर आवडलं, शाई नाही. त्याला एक काळं पेन मिळालं आणि सहा महिन्यांची तात्पुरती नोकरी. तोटा एकच झाला. कुणी दारातून "मोती!" अशी हाक मारली, की रस्त्यावरची दोन कुत्रीही वर बघायची.

ते सहा महिने आज संपत होते. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे एका शब्दावर ठरणार होतं. फीडबॅक.

बाईंच्या डोक्याला या शब्दाचा ताप होता. माइक किंचाळला तरी फीडबॅक, साहेबांनी कामाबद्दल चार शब्द सुनावले तरी फीडबॅक. कितीतरी भाषांनी तो जसाच्या तसा घरात घेतला होता. कुणी त्याला पुल्लिंगी केलं, कुणी नपुंसकलिंगी, बाहेर मात्र कुणीच काढलं नाही. मराठीत 'प्रत्याभरण' होता, पण तो उच्चारून होईपर्यंत माणूस काय सांगायला आला होता तेच विसरायचा. बाईंना लोकांच्या तोंडचा शब्द हवा होता.

मोतीनं तो आणला होता. परतबोल.

"पुरावे?"

मोतीनं पत्त्यांची पानं टाकावीत तशी तीन कार्डं टेबलावर टाकली. एक, दवाखान्यातली 'परतबोल पेटी'. दुसरं, वर्तमानपत्रातलं वाचकाचं पत्र: 'परतबोलामुळे अध्यक्षांचं भाषण ऐकू आलं नाही, आयोजकांचे आभार.' तिसरी त्याची सख्खी आत्या. ती त्याच दवाखान्यात केसपेपर काढायची आणि तिचं म्हणणं होतं, "अरे, सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?" बाईंनी विचारलं.

"आत्यानं माइकदुरुस्तीवाल्या काकांकडून ऐकला, पेटीवरही तिनंच लिहिला. पत्रवाल्या गृहस्थांनीही त्यांच्याकडूनच."

"म्हणजे पुरावे तीन, तोंड एक."

"पण तोंड सत्तरीचं आहे, बाई! आणि असा शब्द कुणी बसून बनवू शकत नाही. एका माणसात एवढी अक्कल मावतच नाही. पिढ्या खर्ची पडतात."

"आणि कुणी बनवलेला निघाला तर?"

"तर मला हाकला. आणि त्या उपटसुंभाला कचेरीची पायरी चढू देऊ नका. लिहून देतो."

त्यानं खरंच लिहून दिलं. खाली सही, तारीख. बाईंनी त्या कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. शेजारी पाकिटात त्याला कायम करण्याचं पत्र होतं, सही व्हायची बाकी.

"चल," बाई म्हणाल्या.

काकांचं दुकान म्हणजे बोळाच्या टोकाची एक खोली. जमिनीपासून छतापर्यंत कर्णे, पेट्या, वायरींची भेंडोळी. प्रत्येक वस्तूला सुतळीनं एक कार्ड बांधलेलं, त्यावर गिऱ्हाइकाचं नाव. काकांनी माइक कर्ण्याजवळ नेला. कर्णा असा किंचाळला की बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच कानांत बोटं घातली.

"हा परतबोल," काका म्हणाले. "माइकमधलं कर्ण्यातून बाहेर येतं, तेच पुन्हा माइकमध्ये शिरतं. बिचाऱ्याला कळतच नाही, आपण आपल्यालाच ऐकतोय."

काकांना आपणच घडवल्यासारखं मोतीनं बाईंकडे पाहिलं. "काका, शब्द तुमच्या वडिलांचा ना?"

"वडील घड्याळं दुरुस्त करायचे. बोलायचेच नाहीत."

"मग आजोबांचा."

"ते बहिरे होते."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं, ते परत लावलं. "मग आणला कुठून?"

"वाचला की."

मोतीचा चेहरा उजळला. "लिखित पुरावा! बाई, टोपण काढा."

"अहो, रद्दीवाल्याकडून जाड कार्डांचा गठ्ठा घेतला होता, नावं बांधायला," काका स्टुलावर चढत म्हणाले. "एक बाजू कोरी. दुसऱ्या बाजूला कुणीतरी काहीबाही खरडलेलं. त्यातला एवढा एकच बरा वाटला. बाकी सगळा आचरटपणा."

"हस्तलिखित," मोती कुजबुजला. "तीनशे नको बाई, चारशे लिहा."

काकांनी एका कर्ण्याची सुतळी सोडली आणि कार्ड खाली दिलं. बाईंनी ते उलटं केलं. वाचलं. मग पर्समधून घडी घातलेला कागद काढला, पाकीट आत तसंच राहू दिलं आणि कार्ड मोतीच्या हातात ठेवलं.

'परतबोल: आपलंच बोलणं फिरून आपल्याच कानात शिरणं.' कोपऱ्यात आकडा होता, सदतीस. शाई हिरवी होती. अक्षर अगदी मोत्यासारखं.