दर आठवड्याचा बिघाड

"मावशी, हे मशीन नाय, भंगार हाय," इंद्रजीत म्हणाला. "तुम्ही नुसतं व्हय म्हणा, उद्या नवं आणून लावतो."

गुलमंडीत त्याचं शाळेच्या दप्तरांचं दुकान होतं. चतुराबाई मुकुंदवाडीतल्या आपल्या घरी त्याची दप्तरं शिवायची. या खेपेलाही माल निम्माच तयार होता, आणि हा सलग चौथा आठवडा होता.

"तुझं नवं तुलाच लखलाभ. हे इथून हलायचं नाय."

"मग काम दुसऱ्याला द्यावं लागंल. शाळा माझ्यासाठी थांबत्यात व्हय?"

"दे खुशाल. पण शनिवारी येऊन बघ आधी."

इंद्रजीत मान हलवत गेला. लासूर स्टेशनला दिलेली तिची मुलगी संध्या फोनवर हेच सांगायची. सगळ्यांचं म्हणणं रास्त होतं, आणि चतुराबाई कुणाचंच ऐकत नव्हती.

मशीन तिच्या नवऱ्यानं, पुंजारामनं आणलेलं. चिकलठाण्याच्या एका कपड्याच्या कारखान्यात तो मेकॅनिक होता. शंभर मशिनं सुरू असताना कुठलं आजारी आहे ते नुसत्या आवाजावरून सांगायचा. कारखाना बंद पडला तेव्हा हे एक तो मागून घेऊन आला. मग गेल्या वर्षी त्याचे हात थरथरायला लागले. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना. ज्या दिवशी हे त्याला कळून चुकलं, त्या दिवशी तो भिंतीकडं तोंड करून निजला तो निजलाच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मन रमवा म्हणाले, जसं काही मन म्हणजे रडकं पोर. माणूस घरात असून नसल्यासारखा, याचं चतुराबाईला फार दुःख व्हायचं.

मशीन पहिल्यांदा अडलं ते महिन्यापूर्वी. टाके सुटायला लागले. बाहेरचा मेकॅनिक येतो येतो म्हणून आला नाही. शेवटी तिनंच झाकण उघडलं आणि हाताला येईल तो स्क्रू पिळला.

"तो नाय," खाटेवरून आवाज आला. "त्याच्या मागचा."

पुंजाराम कुशीवर वळला होता. त्या दिवशी तीन तास तो सांगत राहिला आणि ती करत राहिली.

तेव्हापासून बिघाड हात धुऊन मागं लागले. कधी धागा तुटायचा, कधी पट्टा सरकायचा, कधी खालचा टाका सैल पडायचा. या वेळी तर सुईचा धागा खालून पकडणाऱ्या हुकचं टायमिंगच गेलं होतं. पुंजाराम खाट सोडून मशीनशेजारी स्टुलावर येऊन बसला.

"चाक हातानं फिरव. सुई वर येताना हुकचं टोक कुठं भेटतंय?"

"बरोबर भेटतंय की."

"केसभर पुढं हाय. काढ, परत बसव."

"अहो, सातवी खेप हाय ही."

"आठवी कर. कारखान्यात असतीस तर घरी पाठवली असती."

चतुराबाईनं निमूटपणे आठवी खेप केली. मग नववी. बुधवारी संध्याकाळी टाका सरळ पडला. रात्री तो दोन भाकरी जेवला.

शनिवारी इंद्रजीत आला तेव्हा सगळा माल तयार होता. त्यानं एक शिवण दोन्ही हातांनी ओढून पाहिली. ती हलली नाही.

"मेकॅनिक कोण आणला, मावशी?"

"घरचाच हाय," पुंजाराम स्टुलावरून म्हणाला. "बोलणी लई खाती, पण शिकतीय."

इंद्रजीत त्याच्याकडं बघतच राहिला. या घरात पुंजारामचा आवाज त्यानं वर्षभरात ऐकला नव्हता.

"काका, चला, कोपऱ्यावर चहा घेऊ."

पुंजारामनं दाढी करून घेतलेली होती. त्यानं धुतलेला सदरा मागून घेतला. चतुराबाईनं बटणं लावून दिली.

"आता दोन-तीन महिने त्याला हात लावायचं काम नाय," तो म्हणाला. तोंडावर अभिमान होता, पण बोलता बोलता नजर खाटेकडं गेली. "झालं म्हणायचं माझं."

"जावा, चहा घेऊन या," ती म्हणाली.

दोघं वळणाआड जाईपर्यंत चतुराबाई उंबऱ्यात उभी होती. मग तिनं दाराला कडी लावली, मशीनचं झाकण उघडलं, आणि पुढच्या आठवड्यासाठी सुईच्या दांड्याचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून ठेवला.