बांध कोण बुजवतं?

हवाई दलातून निवृत्त झालेल्या बाबुरावांचं लखनौजवळच्या बख्शी का तालाब गावातलं शेत चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यातही तुंबलंच; साचलेल्या पाण्यावर गवतासारखं काहीतरी पसरलं. रोज संध्याकाळी ते गुपचूप बांध फोडून पाणी काढून देत. सकाळी बांध पुन्हा बुजवलेला. खालच्या शेतातला रामदुलारे "राम-राम, फौजी साहब" म्हणत गालात हसायचा. हाच तो हरामखोर! एका पहाटे बाबुराव काठी घेऊन दबा धरून बसले.

चिखलात फावडं चालवत होती त्यांची बायको, वासंती.

"तू?"

ती दचकली. "ते पाण्यावरचं गवत नाही हो, शिंगाडे आहेत. तूर दरवर्षी कुजते, म्हणून लावलेत. तुम्ही हसला असतात, म्हणून बोलले नाही. पण रोज कुणीतरी बांध फोडून पाणी पळवतं. मला तर त्या रामदुलारेवरच संशय आहे!"