चौथा कोपरा

दुसऱ्या कोपऱ्यावरही मिस्त्रींनी शंभर आकडे मोजले, तेही सावकाश, आणि मगच पाय उचलले.

"गार," ते म्हणाले. "चला, तिसरा."

दुपारचा एक वाजला होता. क्लबच्या पोहण्याच्या तलावाभोवतीचा नवा कोबा उन्हात डोळ्यांना बघवत नव्हता. मॅनेजर छत्रीखाली उभे होते. त्यांचे पाय मोज्यांत, मोजे बुटांत आणि बूट सावलीत होते. तपासणी ते फार काळजीपूर्वक करत होते, म्हणजे मिस्त्रींकडे बघत होते.

परीक्षा साधी होती. कोबा उन्हात तापू नये म्हणून त्याच्यावर एक लेप देतात. लेप दिलेला कोबा आणि न दिलेला कोबा दिसायला सारखाच. फरक कळतो तो पायाला. म्हणून पुरं झालेलं काम गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायच्या दिवशी मिस्त्री टळटळीत उन्हात चारही कोपऱ्यांवर अनवाणी उभे राहत आणि शंभरपर्यंत मोजत. मध्येच पाय उचलला तर काम नापास, सगळं पुन्हा करून द्यायचं. ही अट गिऱ्हाइकाची नव्हती, मिस्त्रींची स्वतःची होती. तीस वर्षं तिच्यावरच त्यांना कामं मिळत होती. या क्लबच्या आधीच्या ठेकेदाराने कागदावर हमी दिली होती. गेल्या उन्हाळ्यात अध्यक्षीणबाई पाण्यातून बाहेर आल्या आणि कपडे बदलायच्या खोलीपर्यंत ज्या पद्धतीने गेल्या, ती पाहून दोन सभासदांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर क्लबचा कागदावरचा विश्वास उडाला.

तिसराही कोपरा गार निघाला. मिस्त्रींना नवल वाटलं नाही. यंदा त्यांच्या हाताला काही वेगळंच यश आलं होतं. एरवी चांगला कोबासुद्धा साठ-सत्तरच्या पुढे थोडा बोचायचा. यंदा काहीच नाही. गादीवर उभं राहिल्यासारखं. हे त्यांनी बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलंही होतं. ती खूश व्हायची सोडून त्यांच्या तळव्यांकडे बघत बसली होती.

मिस्त्रीणबाई कामात बरोबरीच्या. कोबा ते ओतत, वरचा लेप ती देई, कारण थापी तिच्या हातात जास्त हलकी चाले. हे ते कुणासमोर कबूल करत नसत. महिन्यापूर्वी एका संध्याकाळी तिने त्यांच्या तळव्यातून खिळा उपसून काढला होता. सकाळपासून तो तिथेच होता.

"डॉक्टरांना दाखवा," ती म्हणाली होती.

"मिस्त्रीच्या पायातून खिळा नाही निघणार तर काय पैंजण निघेल? आणि डॉक्टरांना दाखवायला पाय दुखावा लागतो. माझा दुखतच नाही."

मग रोज तिचं तेच तुणतुणं आणि रोज त्यांचं तेच उत्तर. चार दिवसांपूर्वी तिने अचानक तो विषय सोडला. सुटलो एकदाचे, असं मिस्त्रींना वाटलं.

आता ते चौथ्या कोपऱ्याकडे निघाले तशी ती आडवी आली.

"तीन झाले की. पुरे."

"चार म्हटलं की चार."

"साहेब, तिनावरच सही करा ना," ती मॅनेजरांना म्हणाली. "ऊन फार आहे. यांना भोवळ येईल."

मॅनेजरांनी संशयाने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींचं डोकं फिरलं. एवढ्या वर्षांत बाईला स्वतःच्या कामाची शंका आली नव्हती, आणि आली ती नेमकी गिऱ्हाइकासमोर.

"हो बाजूला," असं म्हणून ते चौथ्या कोपऱ्यावर दोन्ही पाय रोवून उभे राहिले.

दहापर्यंत मोजून त्यांनी मॅनेजरांना डोळा मारला. "अध्यक्षीणबाईंना घेऊन या. हवं तर जेवायची पानं इथेच मांडू. अकरा, बारा."

मॅनेजर हसले. मिस्त्रीणबाई हसल्या नाहीत. सगळी माणसं अशा वेळी पायांकडे बघतात. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"चटका बसतोय का हो?"

"छे. वीस, एकवीस."

"खरं सांगा. माझी शपथ आहे."

"तुझ्या गळ्याची शपथ. गादी आहे, गादी. सत्तावीस, अठ्ठावीस."

तिचा चेहरा एकदम उतरला. इतकं छान काम झालं म्हटल्यावर बाई अशी का बघते, हे मिस्त्रींना समजेना. ते चाळिसावर आले आणि तिने धावत येऊन त्यांचा दंड धरला. एवढी ताकद तिच्यात असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. तिने त्यांना ओढत सावलीत नेलं, पायरीवर बसवलं आणि कोब्यावर मारायला आणलेली पाण्याची अख्खी बादली त्यांच्या पायांवर ओतली.

"चाळीसच झाले, मिस्त्री," मॅनेजर छत्री मिटत म्हणाले. "शंभराची अट तुमचीच होती." आणि ते टिपणवही आणायला ऑफिसकडे वळले.

मिस्त्री संतापले. "घालवलंस काम. तीस वर्षांत एकदाही पाय उचलला नव्हता मी. सोड, पहिल्यापासून मोजतो."

ते उठू लागले. तिने उठू दिलं नाही. त्यांचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन, पदराने हलकेच टिपत, ती तशीच बसून राहिली. मॅनेजर दाराआड गेल्यावर ती मान वर न करता म्हणाली,

"तिथे मी लेप दिलाच नव्हता. म्हटलं, पाय ठेवल्याबरोबर उडी माराल आणि चारचौघांत मला शिव्या घालाल. चार दिवस त्या शिव्यांची वाट बघत होते मी."