हिल्डाच्या खोलीतला हशा

त्र्याहत्तर साली आम्ही वसईहून चंदीगडला बदलीवर आलो. दर रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपली की मोठी मुलं धर्मशिक्षणाला माझ्याकडे बसायची आणि लहान मुलं शेजारच्या खोलीत हिल्डाकडे. माझ्याकडे जांभया, तिच्याकडे हशा. माझी आयरिन बारा वर्षांची घोडी, तरी "मम्मी, मैं छोटों को संभालती हूँ" म्हणत तिकडेच पळायची. पोटच्या पोरीलासुद्धा हिल्डाच हवी!

एका रविवारी राहवेना. मुलांना उत्तरं लिहायला बसवून मी हिल्डाच्या दाराआड उभी राहिले. म्हटलं, बघू तरी, काय जादू करते ही बया.

हिल्डा मुलांमध्ये मांडी घालून गप्प बसली होती. समोर आयरिन उभी होती. खांद्यावर टॉवेलचं मेंढरू, हातात मेंढपाळाची काठी म्हणून माझं लाटणं. "चल पगली, घर चल," असं ती मेंढराला लाडानं रागावत होती. आदल्या संध्याकाळी चपात्या लाटता लाटता मी तिला हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली होती, अगदी तश्शीच.



माझ्या वर्गाला मात्र तीच गोष्ट मी दहा मिनिटांपूर्वी पुस्तकातून वाचून दाखवली होती.